गाळाची उभी वाटणी

हे वाचून तुम्ही तिथे जायला निघाला असाल तर जरा थांबा. कोळवणच्या खोऱ्यात उतराल, भातखाचरं मागे टाकाल, डोंगर चढून पठारावर पोचालही. पण मी सांगते आहे ते तळं तोवर तिथे असेल की नाही, शंकाच आहे. पठाराची ती जागा शहरातल्या एका गृहस्थांनी घ्यायची ठरवली आहे. त्यांना तळ्यात होडी चालवायची आहे. होडीला खोल पाणी लागतं, आणि त्यासाठी आधी यंत्रं लावून सगळा गाळ उपसायचा आहे.

आम्ही गेलो होतो ते त्या गाळासाठीच.

आम्ही म्हणजे मी आणि सर. सर म्हणजे माझे यजमान. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी जातील तिथे लोक त्यांना सरच म्हणतात, म्हणून इथे मीही तेच म्हणते. घरात काय म्हणते ते छापण्याजोगं नाही. सरांचा विषय धूळ. साधी केरात निघणारी नव्हे. वाऱ्यावर उडून दूरदेशी जाऊन बसलेली आणि मग हजारो वर्षं गाडली गेलेली धूळ. आणि मला आहे धुळीची ॲलर्जी. कपाट नुसतं उघडलं तरी शिंका सुरू होतात. आमच्या संसारात मी धूळ बाहेर काढत आले आणि हे ती डब्यांत भरून घरात आणत आले. दिवाळीच्या फराळाला डबे कमी पडतात ते दरवर्षी याच कारणाने. "धुळीपासून लांब राहा," असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. डॉक्टरांना काही कळलं नाही.

सरांचं म्हणणं थोडक्यात असं. (मला ते जेवताना, फिरताना आणि एकदा ऑपरेशननंतर भूल उतरत असतानाही ऐकवण्यात आलं आहे, त्यामुळे चुकायची नाही.) मुळशीचे डोंगर काळ्या कातळाचे. तो झिजून जी माती होते तिच्यात बारीक पांढऱ्या वाळूचे कण जवळजवळ नसतातच. पठारावरच्या या तळ्याला ना ओढा मिळत, ना नदी. वरून पडेल आणि कडेने निथळेल तेवढंच त्याचं. मग त्याच्या गाळात पांढरे कण सापडले तर ते आले कुठून? वाऱ्यावर. राजस्थानच्या वाळवंटातून, कदाचित समुद्र ओलांडून अरबस्तानातूनही. पाऊस भरपूर असेल त्या काळात अशी धूळ कमी पडते. पाऊस रुसला, रानं उघडी पडली, की ती वाढते. म्हणजे गाळाचे थर नीट वाचले की त्या त्या काळचा पाऊस वाचता येतो.

मुळशीत पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. पण इथेही कधीकाळी त्याने मोठा दगा दिला होता आणि त्याची खूण त्या तळ्याच्या पोटात आहे, असं सर कित्येक वर्षं सांगत आले आणि लोक "हो का" म्हणत आले. या विषयात नळीभर गाळ हातात असल्याशिवाय कोणी कोणाचं ऐकत नाही. नळी तळ्याच्या बरोबर मध्यातून, एकसंध, न मोडता निघायला हवी. यंदा तळंही जाणार होतं आणि सरांचे दोन्ही गुडघेही बदलायचे होते. तेव्हा जे काय करायचं ते याच उन्हाळ्यात, तळं आटलेलं असताना.

धूळ बघायला

भुकूम मागे पडेपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा 'निसर्गाच्या कुशीत' असे फलक लावून निसर्ग हटवण्याचं काम चालू होतं. पौडला आम्ही जीप केली. सामान टपावर चढलं: माणसाहून उंच अशा दोन जाड काळ्या नळ्या, एक लोखंडी सळई, मोठी लाकडी मोगरी, दोरखंड, खुंट्या आणि लाल फडकी. जीपवाल्याने सगळं निरखून पाहिलं.

"मोजनी कुनाची हाय?" त्याने विचारलं.

"मोजणी नाही. आम्ही धूळ बघायला आलोय," सर आनंदाने म्हणाले.

जीपवाल्याने आधी एक वळण घेतलं. मग म्हणाला, "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. आमाला काय करायचंय."

या मुलखात शहरातून येणारी माणसं आता दोनच प्रकारची: जमीन घेणारी आणि जमीन मोजणारी. तिसरी जात अजून कोणी पाहिलेली नाही. वाटेत जीप जिथे जिथे थांबली तिथे कोणीतरी टपावरच्या खुंट्या बघून हळूच "कुटल्या गटाची?" असं विचारून गेलं. सरांनी प्रत्येकाला धूळ समजावून सांगितली. प्रत्येकाने समजल्यासारखी मान डोलावली आणि जीपवाल्याकडे बघितलं.

हौसाबाई आणि किसनराव यांनी घरातली एक खोली पाहुण्यांसाठी करून घेतली आहे, तिथे आम्ही उतरलो. खोली स्वच्छ होती, इतकी की मला माझी मान खाली घालावीशी वाटली. बाकी घर मात्र मधोमध चिरलेलं. थोरले किसनराव आणि धाकटे बबनराव यांनी वाटणी करून ओटीपासून परसापर्यंत विटांची भिंत घातली आहे. अंगणातून भिंत जाते, न्हाणीपाशी वळते, फणसाच्या झाडाशी थांबते आणि झाडापलीकडे पुन्हा सुरू होते. झाडाला मधोमध चुन्याचा पट्टा ओढला आहे. फणस कुठल्या बाजूला लागायचा हे झाडाने अजून मनावर घेतलेलं नाही, त्यामुळे भांडणं होतात. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. जावा मात्र भिंतीवरून दिवसभर वाट्या देतात-घेतात. त्या दिवशी जेवायला तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि सुकटीची चटणी होती. भाजी हौसाबाईंची, भाकरी धाकटीची, आणि चटणी कोणाची ते दोघींनाही आठवेना. आमच्या सोसायटीत एकाच मजल्यावर राहून वर्षानुवर्षं साखरही न मागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला ही भिंत एकंदरीत आवडली.

पठारावरचं तळं? ते वाटणीत राहून गेलेलं. वडील "तळं दोघांचं" एवढंच म्हणून गेले, आणि पाण्यातून भिंत घालणार कशी? आता जागा विकायची म्हटल्यावर कोणाची किती, हा प्रश्न नव्याने उभा राहिला होता. हे सगळं मला हौसाबाईंनी भांडी घासताना सांगितलं. त्याच वेळी सर ओटीवर बसून किसनरावांना लाल फडकं बांधलेली खुंटी दाखवत होते आणि उत्साहाने म्हणत होते, "ही उद्या तळ्याच्या बरोब्बर मध्यावर ठोकायची!"

भिंतीपलीकडे बबनरावांचा खोकला थांबलेला मला स्पष्ट ऐकू आला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

खुंटी

सकाळी निघताना उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि मला शिंक आली. पुण्यात शिंकलं की लोक वाफ घ्या, हळद घ्या म्हणतात. इथे किसनरावांनी खांद्यावरच्या नळ्या शांतपणे खाली ठेवल्या आणि बसकण मारली.

"बसा. पानी प्या. मंग निगू," हौसाबाई म्हणाल्या.

आम्ही बसलो, पाणी प्यालो, उठलो. अंगणात कोणीतरी झाडलं होतं. मी पुन्हा शिंकले. पुन्हा बसलो. तिसऱ्या खेपेला हौसाबाईंनी माझ्या नाकाशी पदराचं टोक धरलं आणि मला जवळजवळ ढकलतच फाटकाबाहेर काढलं. तोवर ऊन चांगलंच वर आलं होतं. सरांचं तोवर गुडघ्यांना दोनदा तेल चोळून झालं होतं, यावरून त्यांची घाई ओळखावी.

चढ दमवणारा होता, पण कडेने करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या. मी खात खात चढले आणि जिभेला चीक लावून घेतला. सर दर वळणावर थांबून कातळाचं कौतुक करत होते. खरं तर गुडघ्यांना विसावा देत होते, पण माझ्यासमोर ते कबूल करणं त्यांना जड जातं. पठारावर पोचलो आणि वाऱ्याने पदर तोंडावर आपटला. समोर तळं. तळं म्हणजे काय, तर भेगाळलेल्या चिखलाची मोठी परात. मध्ये थोडी ओल, कडेला म्हशींच्या पावलांचे खड्डे. मला चटकन रडू आलं. यासाठी मी आमच्या काश्मीरच्या सहली रद्द केल्या होत्या.

सर मात्र लग्नातल्या नवऱ्यासारखे हसत होते. बूट काढून ते चिखलात उतरले, जागोजागी सळई खुपसून खोली बघत हिंडले आणि एके ठिकाणी ती छातीइतकी आत गेली तेव्हा ओरडले, "इथे! सगळ्यात खोल इथे!" तिथे त्यांनी लाल फडक्याची खुंटी ठोकली. काम सुरू करायला ऊन फार झालं होतं, त्यामुळे नळ्या आणि मोगरी झाडाखाली ठेवून आम्ही खाली आलो.

संध्याकाळी किसनराव काठी घेऊन निघाले. "म्हस कुटं गेली बगून येतो," म्हणाले. म्हैस माझ्यासमोर गोठ्यात रवंथ करत होती. मी ते त्यांच्या लक्षात आणून दिलं. "दुसरी," असं म्हणून ते गेले. त्यांना दुसरी म्हैस नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन परसात उभी असताना भिंतीपलीकडून बबनराव करवंदं काढायला चालले होते, तेही टोपली न घेता.

त्या दिवशी शिंक आली नाही, सगळे वेळेवर वर पोचलो. किसनराव मदतीला होतेच; बबनरावही "सहज" आले होते आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर उकिडवे बसले होते. सरांनी खुंटीपाशी नळी उभी केली, मी ती धरली, किसनरावांनी मोगरी उचलली. ठोक, ठोक. नळी हातभर गेली आणि थांबली. सर म्हणाले, आणखी. आणखी ठोकली. टण्ण असा आवाज आला, नळीचं तोंड कातळावर आपटून वाकलं आणि ती उभी चिरत गेली. माझ्या हाताला झिणझिण्या आल्या.

"असं कसं होईल?" सर म्हणाले. "काल इथे सळई छातीइतकी गेली होती."

मी खाली बघितलं. भेगाळलेला चिखल सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून सरांना कळलं नसेल. पण केर काढणाऱ्या बाईला जमीन दिसते. चिखलात खुंटीची दोन रिकामी भोकं होती. एक इथून बरंच पश्चिमेला, दुसरं ते भोक आणि ही खुंटी यांच्या मध्ये. मधलं भोक सरांचं असणार. किसनरावांनी हद्दीची खुंटी समजून ती संध्याकाळी बबनरावांच्या बाजूला सरकवली होती आणि बबनरावांनी ती सकाळी व्याजासकट परत इकडे आणली होती.

"खुंटी कुनी हालवली?" किसनराव पलीकडच्या काठाला उद्देशून गरजले.

"ज्यानं पयली हालवली त्याला ठावं!" काठावरून उत्तर आलं.

आणि मग दोघं भाऊ, एकमेकांशी न बोलणारे, असे काही बोलायला लागले की पठारावरच्या टिटव्या उडाल्या. आजोबांपासूनचं सगळं निघालं. सर फुटक्या नळीशेजारी चिखलातच बसले. "एकच नळी उरली," असं ते मला म्हणाले. हा माणूस कुठल्याही गोष्टीसाठी कधी हटून बसलेला नाही. एका चिखलासाठी तेवढा बसला होता.

मग मला राग आला. सोसायटीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून जो आवाज मी काढते, तो काढला. "अहो, ही तुमची हद्दीची खुंटी नाही! आम्ही मोजणीवाले नाही! तुमच्या जमिनीशी आमचा काडीचा संबंध नाही! या माणसाला इथली धूळ हवी आहे, धूळ! ती न्यायला हा गुडघे घासत इथवर आलाय!"

बबनराव काठावरून उठून जवळ आले.

"म्हंजी खरंच धुळीसाठी?"

"हो."

"आन् बाई, तुमी ह्यांना येऊ दिलं?"

मी हातांवरचा चिखल पदराला पुसायला घेतला.

सरांनी मग चिखलात बसूनच दोघांना सगळं सांगितलं, पाऊस, वारा, पांढरे कण. दोघांनी नीट ऐकून घेतलं. मधल्या भोकापाशी पुन्हा सळई घातली, ती छातीइतकी गेली. नळी तिथे घालायला दोघांची ना नव्हती. पण किसनराव म्हणाले, "गाळ निगंल त्यो अर्दा माजा."

"आन् अर्दा माजा," बबनराव म्हणाले. "तळं दोगांचं हाय."

"वरचा अर्दा मी घेनार. थोरला हाय मी."

"म्हंजी खालचा जुनाट मला? ह्येचं जुनं सदरं मीच घालायचं, ह्येची जुनी सायकल मीच वापरायची, आता जुना गाळबी मलाच व्हय?"

"मंग घे की वरचा. खालचा थोरला गाळ थोरल्याकडं येऊ दे."

"थोरला म्हनल्यावर त्येची किंमत जास्त आसनार!"

हे किती वेळ चाललं असतं देव जाणे. शेवटी सर हात वर करून म्हणाले, "आडवी वाटणी नाहीच करायची. आम्ही नळी उभी कापतो. वरपासून खालपर्यंत, पडवळ चिरतात तशी. दोन अर्धी अगदी सारखी निघतात. एक तपासायची, एक जपून ठेवायची, अशीच रीत आहे."

भावांनी यावर बराच विचार केला. वाटण्या त्यांनी आयुष्यभर केल्या होत्या, पण उभी ही त्यांनाही नवीन होती. तिच्यात खोट सापडेना.

"कापायची हितं, गावात. आमच्या डोळ्यांम्होरं," किसनराव म्हणाले. "कापल्याबिगर नळी शिवंभाईर जायची न्हाई."

"व्हय," बबनराव म्हणाले. एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं ते नेमकं सरांच्या मुळावर.

मुळावर अशासाठी की, धुळीच्या कणाला उजेड चालत नाही. कण गाडला गेला की त्याचं घड्याळ सुरू होतं आणि पुन्हा सूर्य दिसला की ते शून्यावर येतं. किती काळ अंधारात होता हे विचारायचं तर त्याला प्रयोगशाळेपर्यंत अंधारातच न्यावं लागतं. नळी काळी असते ती त्यासाठीच. भर गावात ती कापायची म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. पण "नाही" म्हटलं तर नळी घालताच येणार नव्हती. अखेर सर "बरं" म्हणाले.

ठोकायला दोघं भाऊ आळीपाळीने लागले. नळी गेली, गेली, लोण्यात सुरी जावी तशी गेली. बाहेर काढणं अवघड होतं, चिखल सोडेना. तीन वासे उभे करून दोरखंड बांधला, दोघांनी एकाच वेळी जोर लावला आणि म्हशीने चिखलातून पाय काढावा तसा आवाज होऊन नळी वर आली, भाऊ पाठीवर पडले, एकमेकांच्या अंगावर. सरांनी आधी नळीची दोन्ही तोंडं बंद केली, मग भावांची विचारपूस केली. घोंगडीत गुंडाळून, पुढचं टोक थोरल्याच्या खांद्यावर आणि मागचं धाकट्याच्या, अशी नळी गावात आली. लोक घराघरांतून बाहेर येऊन बघायला लागले. नळीकडे कोणी बघत नव्हतं.

कणगीची खोली

अंधाराचा प्रश्न हौसाबाईंनी सोडवला. घराच्या पोटात भाताच्या कणग्या ठेवायची एक खोली आहे, खिडकी नसलेली. वाटणीत तिच्यातून भिंत घालता आली नाही, म्हणून तिला दोन दारं आहेत, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही दारांवर घोंगड्या टांगल्या. सरांना लाल उजेड चालतो. हौसाबाईंनी गणपतीच्या आराशीतली लाल दिव्यांची माळ आणली. ती लुकलुकायची, धाकटीने पलीकडून येऊन कळ फिरवली तेव्हा थांबली. भर दुपारी आम्ही चौघं आत गेलो: सर आणि मी इकडच्या घोंगडीखालून, किसनराव आमच्यामागून, बबनराव तिकडून. जावा आपापल्या दाराशी राखणीला बसल्या.

खोलीत भाताचा कोंडा होता. वर्षानुवर्षांचा. मी गळ्यात लाल माळ घालून, नाक दाबून उभी. सरांनी गावातल्या सुताराकडून मागून आणलेली विजेची कापायची चकती हातात घेतली, "हं," म्हणाले आणि मला शिंक आली.

दोघं भाऊ खाली बसले.

"अहो, आता काय?" सर अंधारात कळवळले.

"येकली शिंक वाईट," घोंगडीपलीकडून हौसाबाईंचा आवाज आला. "जोडीची चांगली. बाईंना आजून येक येऊ द्या."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला शिंक मागितली आणि ती येईना. मी कोंड्यावर वाकले, कणगी हुंगली, काही नाही. शेवटी किसनरावांनी कनवटीची तपकिरीची डबी काढली आणि अदबीने माझ्यापुढे धरली. बायकामाणसाने तपकीर ओढावी का, हा विचार मी केला नाही. सरांचा चेहरा त्या लाल उजेडातही पांढरा दिसत होता. मी चिमूट ओढली.

ज्या शिंका सुटल्या त्या थांबेनात. गळ्यातली माळ हिंदकळत होती, भिंतीवर चौघांच्या सावल्या नाचत होत्या. अखेर थांबल्या तेव्हा किसनराव म्हणाले, "जोडीत बसल्या." बबनराव म्हणाले, "न्हाई, शेवटची येकली हुती." शेवटची शिंक होती की नुसता उसासा, यावर दोघांचं जुंपलं. सरांनी तेवढ्यात चकती सुरू केली.

दोन्ही बाजूंनी नळी चिरली, मधून बारीक तार ओढली आणि पुस्तक उघडावं तशी ती उघडली. भाऊ भांडण विसरून वाकले. आत काळा, ओला, गुळगुळीत गाळ. एकसंध. कुठेही मोडलेला नाही. आणि मध्याच्या थोडं खाली, बोटभर जाडीचा एक फिकट पट्टा, दोन्ही अर्ध्यांत सारखा.

सरांनी पट्ट्याच्या कडेचा चिमूटभर गाळ जिभेवर ठेवून दातांखाली धरला. मग मला दिला. मी तोही खाल्ला, आज काय उरलं होतं? कचकच वाजलं. सरांनी माझा हात घट्ट धरला. लोक "हो का" म्हणत होते ती सगळी वर्षं त्या बोटभर पट्ट्यात होती.

"रेती हाय की," किसनराव दातांखाली चिमूट चावत म्हणाले.

"तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही," सर म्हणाले, पण त्यांचा आवाजच सांगत होता. "इथला पाऊस हरला होता, तेव्हा वाऱ्याने आणून टाकलेली धूळ. राजस्थानकडची, नाहीतर समुद्रापलीकडची, अरबस्तानातली."

"म्हंजी ही आमच्या डोंगराची न्हाईच?" बबनरावांनी विचारलं.

"एवढा पट्टा? बहुतेक नाही."

लाल उजेडात दोघा भावांच्या कपाळांवर सारख्याच आठ्या दिसत होत्या.

"दुसऱ्याच्या रानातली हाय," किसनराव हळूच म्हणाले. "सातबारा त्येचा, आन् माल आपल्या कनगीच्या खोलीत."

"मागाया आला म्हंजी?" बबनराव म्हणाले.

"अहो, ही हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट," सर म्हणाले.

"सर, जमिनीच्या मानसाला तुमी वळखत न्हाई," किसनराव म्हणाले. "आमचं आज्यापासनं चालू हाय, आजून मिटलं न्हाई."

दोघं कणगीआड गेले आणि कुजबुजले. परत आले तेव्हा बबनरावांनी स्वतःच नळी आणलेली घोंगडी उचलून नळीचे दोन्ही अर्धे एकत्र गुंडाळायला घेतले.

"दोनीबी तुमीच घिऊन जावा, सर. आजच्या आज," ते म्हणाले. "हितं ठिवू नगा."

"आणि तुमची वाटणी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई. कुनी चवकशीला आलं तर सांगू, हितं काय न्हाई."

"आन् न्हाईच ऐकलं त्या अरबस्तानवाल्यानं," किसनराव नळीचं दुसरं टोक उचलत म्हणाले, "तर येऊ दे. आमी दोगं हाय की."